भूकवचाची पाहणी आकाशातून : विहिरीची जागा ठरविताना तिचा उपयोग

खेड, मावळ व हवेली ह्या तालुक्यांतील शेतकऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. एकाच्या विहिरीत वैशाखातही पंप चालेल इतके पाणी असते आणि बांधापलीकडे, पन्नास पावलांवर, शेजाऱ्याने दोनशे फूट कूपनलिका खोदली तरी तिच्यातून केवळ दगडाची पांढरी भुकटी उडते. पहिल्याचे नशीब चांगले व दुसऱ्याचे खोटे, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. दुसऱ्या शेतकऱ्यास मात्र खोदाईसाठी काढलेले कर्ज फेडावेच लागते. आणि पुष्कळदा तो नव्या कर्जाने दुसरे छिद्र घेतो.

ह्या फरकाचे कारण नशिबात नसून जमिनीखालील खडकाच्या रचनेत आहे. ती रचना ओळखण्याच्या कामी आज उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांचे साहाय्य होते. ह्या विद्येस सुदूर संवेदन, म्हणजे वस्तूस स्पर्श न करता दुरून तिची माहिती मिळविणे, असे म्हणतात. तिच्याविषयी गावात दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींस वाटते, की उपग्रहास जमिनीखालचे पाणी दिसते. काहींस वाटते, की ही सारी शास्त्रज्ञांची कामे असून शेतकऱ्यास त्यांचा उपयोग नाही. ही दोन्ही मते बरोबर नाहीत. उपग्रह कोठे शोधावे ते सुचवितो. तेथे काय आहे हे मात्र जमिनीवरच ठरवावे लागते. ह्या लेखाचा सारा मुद्दा एवढाच आहे.

आपल्या पायाखालचा खडक

पृथ्वीच्या सर्वांत वरच्या कठीण थरास भूकवच म्हणतात. आपल्या भागात त्याची जाडी सुमारे ३५ ते ४० किलोमीटर आहे. त्याचा अगदी वरचा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतील लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हा वर आला व पसरून थंड झाला. असे अनेक वेळा घडले आणि भाकरीच्या चवडीप्रमाणे थरावर थर साचत गेले. महाराष्ट्राचा शंभरातील सुमारे ऐंशी भाग ह्याच खडकाने व्यापलेला आहे. ह्या खडकास ‘ट्रॅप’ असेही म्हणतात. तो शब्द पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. घोरावडेश्वराच्या किंवा भामचंद्राच्या डोंगराकडे दुरून पाहिल्यास उतारावर ज्या पायऱ्या दिसतात, त्या ह्या थरांच्याच होत. भूवैज्ञानिकांनी अशा थरांच्या गटांस जी नावे दिली आहेत, त्यांत ‘इंद्रायणी’ व ‘कार्ला’ ही आपल्या परिसरातील नावे आहेत.

लाव्हाच्या प्रत्येक थराचा खालचा व मधला भाग बहुधा घट्ट कातळ असतो. वरच्या भागातून वायू निसटल्यामुळे तो सच्छिद्र राहतो. त्यास काही ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. पुणे परिसरात ह्या छिद्रांत अनेकदा पांढरी खनिजे भरलेली आढळतात. कोठे कोठे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. सर्वांत वर खडक कुजून झालेला मुरूम व त्यावर माती असते.

वाळूत पाणी जसे कणाकणांच्या फटींत सर्वत्र राहते, तसे घट्ट कातळात राहत नाही. कातळास स्वतःची पोकळी जवळजवळ नसते. पाणी राहते ते मुरमात, सच्छिद्र थरात, दोन थरांच्या सांध्यात आणि उभ्या भेगांत. मुरमातही ते फार नसते. कुजलेल्या बेसॉल्टच्या शंभर घनफूट आकारमानातून विहिरीस मिळू शकणारे पाणी साधारणतः एक ते तीन घनफूट एवढेच असते. म्हणून शेजारच्या विहिरीस भेग लागली व आपल्या छिद्रास लागली नाही, एवढ्यानेच एक शेतकरी बागायतदार होतो व दुसरा कर्जबाजारी.

ह्यांखेरीज एक विशेष रचना लक्षात ठेवावी. जुन्या भेगांत लाव्हा शिरून तेथेच थिजला, की जमिनीत उभी दगडी भिंत तयार होते. तिला डाइक म्हणतात. नाशिक ते पुणे ह्या पट्ट्यात अशा भिंतींचा मोठा समूह आहे. भिंत घट्ट असल्यास ती भूमिगत बंधाऱ्याप्रमाणे वरच्या अंगाचे पाणी अडविते. तिला तडे गेलेले असल्यास तीच पाण्याची वाट होते. कोणत्या ठिकाणी काय आहे, हे तपासूनच ठरवावे लागते.

उपग्रहास काय दिसते

१९७२ साल महाराष्ट्राच्या स्मरणात मोठ्या दुष्काळाचे म्हणून राहिले आहे. त्याच वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. आपल्या देशात त्याआधी, १९७० साली, प्रा. पिशारोथ रामा पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली केरळात हेलिकॉप्टरमधून नारळबागांची विशेष फिल्मवर छायाचित्रे घेऊन रोगट झाडे ओळखण्याचा प्रयोग झाला होता. म्हणजे भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभच शेतीच्या कामापासून झाला. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले.

उपग्रहातील यंत्र जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश निरनिराळ्या भागांत विभागून मोजते. त्यांत डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाशही असतो. हिरवे, निरोगी पीक हा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठविते. स्वच्छ पाणी तो गिळून टाकते. चित्र तयार करताना अवरक्त प्रकाशास तांबडा रंग देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे अशा चित्रात उभे पीक व झाडी लाल, पाणी काळसर आणि घरे व कारखाने निळसर करडे दिसतात. गावातील कार्यकर्त्याने हे चित्र प्रथम पाहताना रंगांचा हा अर्थ ध्यानात घ्यावा. लाल दिसणारा भाग तापलेला किंवा नापीक नव्हे.

आता भेग कशी दिसते ते पाहू. भेगेच्या जागी खडक लवकर कुजतो, ओढ्यास तेथून वाट काढणे सोपे जाते आणि ओलावा अधिक काळ टिकतो. म्हणून वाकडातिकडा वाहणारा ओढा मध्येच कोस-अर्धा कोस सरळ धावतो. दोन ओढे समोरासमोर एकाच रेषेत येऊन मिळतात. जिरायत रान वाळले तरी झाडांची किंवा गवताची एक ओळ हिरवी राहते. जमिनीवर उभे राहिलो असता असे तुकडे सुटे सुटे दिसतात. आकाशातून ते एका रेषेत जोडले जातात. हिवाळ्यात सूर्य खाली असतो व उंचसखलपणाच्या सावल्या लांब पडतात. त्या दिवसांतील चित्रांत अशा रेषा विशेष स्पष्ट होतात. ओलाव्याच्या रेषा पाहण्यास फेब्रुवारी-मार्चमधील चित्र उपयोगी पडते.

ही दृष्टी आपणांस अगदी नवी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ ह्या ग्रंथात दकार्गल नावाचा अध्याय असून त्यात झाडे व वारुळे ह्यांवरून भूमिगत पाण्याचा अंदाज बांधण्याविषयी विवेचन आहे. वरच्या खुणेवरून खालचे अनुमान करणे, हाच विचार तेथेही आहे. फरक एवढाच, की आज ते अनुमान मोजून व पडताळून पाहता येते, आणि चुकल्यास सोडून देता येते.

चित्राच्या मर्यादा

चित्रातील सर्वांत लहान ठिपक्याएवढ्या जमिनीस एकच रंग मिळतो. आयआरएस-१ए वरील पहिल्या यंत्राचा ठिपका सुमारे ७२ मीटर बाजूचा होता. म्हणजे एका ठिपक्यात सुमारे बावन्न गुंठे रान येत असे. १९९५ साली सोडलेल्या आयआरएस-१सी वरील यंत्राने तो साडेपाच गुंठ्यांवर आणला. २००३ नंतरच्या रिसोर्ससॅट उपग्रहांतील एका यंत्राचा ठिपका एक तृतीयांश गुंठ्याचा आहे. एवढी सुधारणा झाली तरी हे सर्व चित्र जमिनीच्या वरच्या कातडीचे आहे, हे विसरू नये. चाळीस फूट खाली भेग उघडी आहे की मातीने बुजलेली, हे ते सांगू शकत नाही.

नकाशाच्या प्रमाणाचेही असेच आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने पिण्याच्या पाण्याच्या योजनांसाठी भूजल संभाव्यतेचे नकाशे तयार केले आहेत. त्यांचे प्रमाण १ : ५०,००० आहे. अशा नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर रुंदीचा पट्टा होय. आपल्या पुष्कळ शेतकऱ्यांचे सारे रान तेवढ्या रुंदीचे नसते, आणि कूपनलिकेचे छिद्र तर सहा इंचांचे. म्हणून नकाशावरील रेघ पाहून लगेच यंत्र बोलावणे, हे अंधारात दगड मारण्यासारखेच आहे.

मोठ्या शास्त्रीय कामांतही हाच नियम पाळला जातो. १९६७ साली कोयना येथे आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी येथे भूकंप झाले. त्यानंतर भूकवचातील भेगा शोधण्याचे पुष्कळ काम झाले. कोयना परिसरात हेलिकॉप्टरमधून गुरुत्व व चुंबकत्व मोजण्यात आले आणि झाडीखालची जमीन टिपणारी लेसर-मोजणीही करण्यात आली. परंतु शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. किल्लारी येथे खोल छिद्र घेतले, तेव्हा तेथे बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर असून त्याखाली अतिप्राचीन खडक आहे हे निश्चित झाले. कोयना भागात गोठणे येथे २०१७ पर्यंत सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. एवढी साधने हाती असताना ज्यांनी खणून पडताळणी केली, त्यांच्यापासून आपण हा धडा घ्यावा.

औद्योगिक पट्ट्यातील विशेष अडचण

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे पिंपरी-चिंचवड व भोसरी आणि त्यानंतर चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे ह्या बाजूस कारखाने वाढत गेले. पवना, इंद्रायणी व भामा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील ह्या पट्ट्यात आज सरळ रेषांस तोटा नाही. महामार्ग, कारखान्यांची कुंपणे, विजेच्या तारांखालील मोकळा पट्टा, जमिनीत पुरलेले नळ, भूखंडांच्या हद्दी, ह्या सर्व आकाशातून भेगेसारख्याच सरळ दिसतात. नवख्या माणसाने चाकणचे आजचे चित्र पाहून रेघा काढल्या, तर त्यांतील बहुतेक मनुष्याने केलेल्या निघतील.

ह्यास उपाय दोन आहेत. एक, कारखाने येण्यापूर्वीची चित्रे व भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे पाहणे. लँडसॅटची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून सर्वांस विनामूल्य पाहावयास मिळतात. जी रेघ जुन्या चित्रातही आहे, ती निसर्गाची असण्याचा संभव अधिक. दुसरा उपाय म्हणजे गावातील वडीलधाऱ्यांस विचारणे. पूर्वी ओढा कोठून वाहत होता, कोणत्या विहिरीचे पाणी दुष्काळातही तुटले नाही, कोणते रान उपळत असे, हे त्यांस ठाऊक असते. ही माहिती कोणत्याही उपग्रहाजवळ नाही, आणि ती सांगणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

जी भेग पाणी देते, तीच विष नेते

ह्या पट्ट्यात भेगांची माहिती आणखी एका कारणासाठी अत्यंत आवश्यक आहे. माती व मुरूम ह्यांतून झिरपणारे पाणी हळूहळू जाते व काही अंशी गाळले जाते. भेगेतून ते वेगाने व न गाळता जाते. पडीक विहिरीत, कोरड्या कूपनलिकेत किंवा सोडून दिलेल्या दगडखाणीत सांडपाणी अथवा रसायनांचा गाळ टाकला, तर तो त्या खड्ड्यापुरता राहील असे समजू नये. ती खाण भेगेवर असल्यास, त्याच रेषेवरील खालच्या गावाची पिण्याची विहीर दूषित होऊ शकते, आणि जवळची दुसरी विहीर मात्र चांगली राहते. मग दोष कोठला, ह्याविषयी गावात वाद होतात. भेगेची दिशा नकाशावर मांडलेली असेल, तर कोणत्या विहिरींचे पाणी आधी तपासावे हे कळते, आणि तक्रार करावयाची झाल्यास ती पुराव्यानिशी करता येते.

त्याचप्रमाणे मुरमाड टेकड्या खोदून सपाट केल्या व त्यांवर काँक्रीट झाले, म्हणजे पावसाचे पाणी भेगेच्या तोंडाशी पोचतच नाही. खाली विहिरींची संख्या तीच राहते, पण त्यांस पाणी पुरविणारी वरची जमीन झाकली जाते. गावाचा विकास आराखडा किंवा भूखंडाची मोजणी चालू असता कोणते उतार पाणी मुरण्यासाठी मोकळे ठेवावेत, हे सांगता यावे म्हणून ग्रामपंचायतीजवळ असा नकाशा असणे हितावह आहे.

गावाने करावयाची कामे

१. विहिरींची वही ठेवावी. प्रत्येक विहीर व कूपनलिका ह्यांपुढे गट क्रमांक, खोली, मुरूम किती फुटांपर्यंत लागला, कातळ कोठे लागला व पाणी नेमके किती फुटांवर फुटले, हे लिहावे. कोरड्या गेलेल्या छिद्रांची नोंद तर अवश्य करावी. ती लाजेपोटी लपविली जाते. वास्तविक पाणी कोठे नाही हे सांगणारी तीच नोंद शेजाऱ्याचा पैसा वाचविते.

२. जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर ह्या महिन्यांत निवडक विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजावी. भूजल यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी ह्याच महिन्यांत मोजते. त्यामुळे दोन्ही आकडे ताडून पाहता येतात.

३. गावनकाशावर ह्या सर्व विहिरी खुणेने दाखवाव्यात. नंतर ‘भुवन’ ह्या २००९ साली सुरू झालेल्या भारतीय संकेतस्थळावर गावाचे चित्र व भूजल संभाव्यतेचा नकाशा पाहावा. चांगल्या विहिरी एखाद्या रेषेवर येतात काय, ते तपासावे.

४. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या रेषेवरून पायी जावे. ओढ्याच्या काठी उघड्या पडलेल्या खडकात भेगा आहेत काय, त्यांची दिशा कोणती, मध्ये डाइकची दगडी भिंत आहे काय, ते पाहावे. मोशीसारख्या ठिकाणी दगडखाणींच्या कडांवर लाव्हाचे थर उघडे पडलेले असतात. ते सुरक्षित अंतरावरून पाहिल्यास पुस्तकी माहितीपेक्षा अधिक समजते.

५. एवढे जमल्यावर विद्युत-प्रतिरोध पद्धतीने तपासणी करून घ्यावी. ह्यात जमिनीत चार खुंट्या एका ओळीत ठोकून बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात व आतील दोहोंमध्ये दाब मोजतात. ओला, भेगाळ खडक विजेस कमी विरोध करतो. मात्र चिकण मातीही कमीच विरोध करते आणि पुरलेले नळ, तारा व लोखंडी कुंपणे ह्यांमुळे मोजमाप चुकते. म्हणून हे काम जाणत्या माणसाकडून व अशा वस्तूंपासून दूर करावे.

६. उपग्रहाची रेघ, विहिरींची वही व विद्युत तपासणी ही तिन्ही एका जागेकडे बोट दाखवीत असतील, तरच खर्चास हात घालावा. तिन्हींचे न जुळल्यास थांबावे. खोदाईपूर्वी त्या क्षेत्रास लागू असलेले भूजलविषयक नियम विचारून घ्यावेत.

७. त्याच रेषेच्या वरच्या अंगास नालाबांध किंवा पाझर तलाव घेतल्यास पाणी भेगेत मुरण्याचा संभव वाढतो. तेथे कचरा व सांडपाणी साचू देऊ नये. रेषेवरील पिण्याच्या पाण्याचे नमुने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेत पाठवावेत.

काही गावांत पाणाड्याच्या सांगण्यावरून जागा ठरविण्याची रूढी आहे. तिची थट्टा करून काही साधत नाही. त्याने दाखविलेल्या प्रत्येक जागेची व तेथे काय निघाले ह्याची नोंद त्याच वहीत करावी. चार-पाच वर्षांत वहीच निर्णय देईल. उपग्रहाच्या नकाशासही हीच कसोटी लावावी.

पुढील काळात ह्या साधनांत आणखी भर पडेल. ३० जुलै २०२५ रोजी भारत व अमेरिका यांनी मिळून निसार हा उपग्रह सोडला. तो रडारच्या साहाय्याने ढगांतून व रात्रीही पाहतो आणि जमिनीची काही सेंटिमीटर इतकी हालचालही टिपू शकतो. परंतु साधन कितीही सूक्ष्म झाले, तरी आपल्या रानात कातळ किती फुटांवर लागला, हे विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यासच प्रथम कळते. ती गोष्ट त्याने लिहून ठेवली नाही, तर शेजाऱ्यास तोच खर्च पुन्हा करावा लागतो. वहीस मोठा खर्च नाही. ती येत्या मे महिन्यातील पाणीपातळीपासून सुरू करावी.